कोणत्या कामाला कोणती पक्कड: तीन बिघाडांवरून सविस्तर उत्तर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: घरात २०० मिमीची कॉम्बिनेशन पक्कड, एक नोज प्लायर (लांब, निमुळत्या टोकाची पक्कड) आणि एक छोटा साइड कटर (तार कापायची पक्कड) असूनही लागोपाठ तीन गोष्टी बिघडल्या. पाइपच्या जोडावरचा पितळी नट पक्कडीने फिरवताना त्याचे कोपरे झिजून गोल झाले. सळईला बाक देताना नोज प्लायरचं एक टोक तुटलं. स्प्रिंगची तार कापायला गेलात तेव्हा कटरच्या धारेत खाच पडली. आता तुम्ही विचारता आहात की कोणत्या कामाला कोणती पक्कड घ्यावी, आणि एकच चांगली, महाग पक्कड घेतली तर भागेल का.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो: भागणार नाही. पक्कड कितीही उत्तम असली तरी हे तीनही बिघाड तिच्यासोबत झालेच असते. मी २५ वर्षं यंत्रांच्या देखभालीचं काम करतो. वायरिंग, पाइप, फिटिंग, सगळंच हाताखालून जातं. माझ्याकडे दुरुस्तीला येणाऱ्या वस्तूंपैकी बऱ्याच मूळ दोषापेक्षा चुकीच्या पक्कडीनेच जास्त खराब झालेल्या असतात. पक्कड जवळजवळ प्रत्येक कामाला थोडीफार लागू पडते, म्हणून हात आधी तिच्याकडेच जातो. मी शिकाऊ मुलांना एकच सवय लावतो. हत्यार उचलण्याआधी जबड्यात येणाऱ्या वस्तूकडे बघायचं: ती किती कठीण आहे, आणि तिचा कोणता भाग शाबूत राहिला पाहिजे? या दोन गोष्टी कळल्या की पक्कड आपोआप ठरते. तुमचे तिन्ही बिघाड याच कसोटीवर तपासू.

कटरपासून सुरुवात करतो, कारण सगळ्यात जास्त गैरसमज कापण्याबद्दल आहेत.

पक्कड म्हणजे एका खिळीवर फिरणाऱ्या दोन तरफा. समजा तुमच्या मुठीचा जोर खिळीपासून १२० मिमी अंतरावर पडतो आणि कापायची धार खिळीपासून १५ मिमीवर आहे. म्हणजे धारेवर जोर आठपट होतो. तीच वस्तू ४० मिमीवरच्या टोकात धरली तर जोर फक्त तिप्पट. ३० किलोचा दाब दिलात तर धारेशी २४० किलो आणि टोकाशी ९० किलो. म्हणून तार कापताना ती धारेच्या टोकाशी न धरता शक्य तितकी आत, सांध्याजवळ सरकवायची. एवढ्याने निम्मे कष्ट वाचतात आणि धारही टिकते. जास्त जोराच्या म्हणून ज्या पक्कडी मिळतात, त्यांत खीळ धारेच्या आणखी जवळ आणलेली असते. लांबी तीच राहते, पण हाताला काम हलकं जातं.

पण जोर पुरला म्हणून धार पुरतेच असं नाही. तार म्हटली की आपल्या डोळ्यांसमोर तिची जाडी येते, आणि खरा प्रश्न कठीणपणाचा असतो. चांगल्या उत्पादकांच्या तक्त्यात एकाच कटरसाठी तीन-चार वेगवेगळ्या जाड्या दिलेल्या असतात, कारण ते तारांचे चार वर्ग धरतात. तांब्यासारखी मऊ तार, जिची ताणशक्ती, म्हणजे ओढल्यावर तुटेपर्यंत सोसलेला जोर, दर चौरस मिमीला २२० न्यूटनच्या आसपास. खिळ्यासारखी मध्यम, ७५० च्या आसपास. कठीण पोलादी तार १८०० च्या घरात. आणि पियानो वायर, म्हणजे स्प्रिंगसाठी वापरतात तशी तार, २३०० पर्यंत. म्हणजे स्प्रिंगची तार तांब्याच्या दहापट चिवट. जो कटर ४ मिमीची तांब्याची तार सहज कापतो, त्याची मजल कठीण तारेत साधारण २ मिमीपर्यंतच जाते, आणि पियानो वायर कापायला तर त्यातले बरेच कटर बनवलेलेच नसतात. तुमचा कटर छोटा, बहुधा बारीक धारेचा होता. तारेची जाडी दीड मिमी दिसली म्हणून तुम्ही दाबलंत, आणि तारेपेक्षा धार मऊ निघाली.

तारेचा वर्ग ओळखायला उपकरण लागत नाही. तार हाताने किंवा पक्कडीने थोडी वाकवून सोडा. वाकली तशीच राहिली तर मऊ. उसळी मारून परत सरळ झाली तर कठीण. शंका राहिली तर कानशीचा एक फटका मारून बघा. कानस खात नसेल, नुसती घसरत असेल, तर ती तार साध्या कटरमध्ये घालायची नाही. अशा तारेसाठी कठीण तारेचा म्हणून लिहिलेला, जाड धारेचा आणि लांब दांड्याचा कटर घ्यावा. काही कॉम्बिनेशन पक्कडींना सांध्याच्या बाहेरच्या बाजूला एक खाच असते. दांडे मिटताना तिच्या दोन बाजू एकमेकींना घासून जातात आणि तार कातरली जाते. धार वाचवून कठीण तार तोडायला ती खाच फार उपयोगी आहे. बहुतेकांच्या ती लक्षातच येत नाही.

धारेचा आकार हा दुसरा मुद्दा. साध्या साइड कटरच्या धारेला दोन्ही अंगांनी उतार असतो. कापलेल्या तारेचं टोक छपरासारखं, मधोमध निमुळतं राहतं. ही धार जाड असल्याने मजबूत असते. दुसऱ्या प्रकारात बाहेरची बाजू सपाट घासलेली असते, त्यामुळे टोक जवळपास सपाट कापलं जातं; याला फ्लश कटर म्हणतात. सर्किट बोर्डावर सोल्डर केलेल्या भागांचे पाय कापायला, किंवा प्लॅस्टिकच्या केबल टायचं शेपूट कापायला, फ्लश कटरच हवा. केबल टायचं टोक साध्या कटरने कापलं तर जे टोकदार नखुरडं उरतं, ते पुढे त्या पॅनलमध्ये हात घालणाऱ्याच्या मनगटावर ओरखडा काढतं. मी स्वतःचे आणि इतरांचेही हात त्यावर फाटलेले पाहिले आहेत, म्हणून एवढं आग्रहाने सांगतो. पण फ्लश कटरची धार पातळ असते. तांबं, प्लॅस्टिक आणि सोल्डर यापलीकडे तिच्याकडून काही मागू नका. एखादा खिळाही नाही.

जाड वीज केबलसाठी वेगळाच कटर लागतो. त्याच्या धारा पोपटाच्या चोचीसारख्या वक्र असतात आणि केबलला कवेत घेऊन कातरतात, त्यामुळे आतल्या तारा चेपत किंवा पसरत नाहीत. साइड कटरने जाड केबल कापली की टोक चपटं होतं आणि लगमध्ये, म्हणजे केबलच्या टोकाला बसवायच्या धातूच्या जोडतुकड्यात, शिरत नाही. मात्र हा केबल कटर फक्त तांबं आणि ॲल्युमिनियमसाठी असतो. आर्मर्ड केबलवरच्या लोखंडी तारा किंवा आत पोलादी गाभा असलेली तार त्यात घातलीत तर एकाच कापात धार जाते. आधी आर्मर वेगळं कापा, मग केबल.

कापताना कटर डावी-उजवीकडे हलवून तार तोडायची सवय असेल तर ती सोडा. तार धारेला काटकोनात धरा आणि एका दमात दाबा. कापली जात नसेल तर कटर लहान आहे. दांड्यावर पाइप चढवून किंवा हातोडी मारून ती उणीव भरून निघत नाही. आणि डोळ्यांना चष्मा लावा. बऱ्याच वर्षांपूर्वी कठीण तारेचा जेमतेम एक सेंटीमीटरचा तुकडा उडून माझ्या भुवईत रुतला होता. बोटभर खाली असता तर डोळा गेला असता. तेव्हापासून कापताना सुटं टोक जमिनीकडे करतो, जमेल तिथे दुसऱ्या हाताने धरतो, आणि चष्म्याशिवाय तार कापत नाही.

आता नोज प्लायर. त्याचं टोक तुटलं यात पोलादाचा दोष असेलच असं नाही. लांब, निमुळतं टोक हे अडचणीच्या जागी पोहोचण्यासाठी असतं. खिळीपासून लांब असल्याने तिथे दाब कमी मिळतो, आणि टोक बारीक असल्याने आडवा जोर किंवा पीळ त्याला सोसत नाही. सरळ पकडून सरळ ओढणं, खाली पडलेला वॉशर उचलणं, वायरच्या टोकाला कडी करणं, पातळ पत्र्याची जीभ वाकवणं, एवढीच त्याची कामं. सळई टोकात धरून दांडा फिरवला की सगळा पीळ त्या काही मिमीच्या पोलादावर येतो. ४-५ मिमीची सळई वाकवायची तर ती टेबलाला बसवलेल्या व्हाइसमध्ये, म्हणजे आवळून धरणाऱ्या शिकंज्यात, धरा आणि वर पाइपचा तुकडा घालून वाकवा. त्याला पक्कडच नको. २-३ मिमीची मऊ तार असेल तर कॉम्बिनेशन पक्कडीचे पुढचे सपाट जबडे पुरतात.

नोज प्लायरमध्येही निवड आहे. टर्मिनलच्या स्क्रूखाली घालायची कडी करायला अर्धगोल जबड्याचा साधा नोज प्लायर चालतो. कडी अशी वळवा की स्क्रू आवळताना तो ज्या दिशेला फिरतो त्याच दिशेला कडीचं टोक मिटेल. उलट वळवली तर आवळताना कडी उघडते आणि तार बाहेर सरकते. दागिन्यांसारखं किंवा नाजूक तारेचं काम असेल आणि गोलाई हुबेहूब हवी असेल, तर दोन्ही जबडे शंकूसारखे गोल असलेला राउंड नोज घ्या, बिनदात्यांचा. दात्यांचे ठसे तांब्यावर, चांदीवर कायमचे उमटतात. याउलट पट्टीला काटकोनात मोडायचं असेल तर फ्लॅट नोज हवा. टोक ४५ अंशांत वाकलेला नोज प्लायर पॅनलच्या आत काम करणाऱ्यांना फार सोयीचा, कारण हात आडवा येत नाही आणि टोक दिसत राहतं. घरगुती कामाला त्याची गरज क्वचितच पडते.

तिसरा बिघाड नटाचा. याबद्दल थोडं कठोर बोलतो, कारण हा बिघाड सर्वांत जास्त होतो आणि पूर्णपणे टाळता येतो. नट आणि बोल्ट ही पक्कडीची कामं नाहीत. साध्या पक्कडीचे जबडे खिळीभोवती फिरतात, त्यामुळे उघडल्यावर ते एकमेकांना समांतर राहत नाहीत, व्हीसारखे तिरपे होतात. सहा बाजूंच्या नटाला ते पूर्ण सपाटीवर टेकतच नाहीत. कुठेतरी कडेला टेकतात. फिरवायला गेलात की दाते कोपऱ्यावर चढतात आणि कोपरा खरवडतात. पितळ पोलादापेक्षा मऊ, त्यामुळे तिथे दोन प्रयत्नांतच नट गोल होतो. फिक्स पाना किंवा रिंग पाना हेच नटाचं हत्यार. नेमक्या मापाचा पाना नसेल तर स्क्रूने उघडझाप होणारा स्लाइड पाना, तोही नटाला घट्ट बसवून. मी शिकाऊंना सूत्र देतो: गोल वस्तूला दाते, सहा बाजूंच्या वस्तूला सपाट जबडा.

गोल वस्तूची पक्कड म्हणजे वॉटर पंप प्लायर. नावातला पंप म्हणजे जुन्या मोटारगाड्यांचा पाण्याचा पंप. त्याच्या शाफ्टभोवतीचं, म्हणजे फिरत्या आसाभोवतीचं, पॅकिंग दाबणारा नट अधूनमधून आवळावा लागे, त्यावरून हे नाव पडलं. आज जो खाचांचा प्रकार सगळीकडे दिसतो, ज्यात एक जबडा खाचेतून सरकवून माप बदलतं, तो अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या मेडव्हिल इथल्या एका कारखान्यात हॉवर्ड मॅनिंग या अभियंत्याने १९३३ मध्ये तयार केला. त्या कंपनीने पुढे त्या पक्कडीचंच नाव घेतलं: चॅनललॉक. जुन्या सरकत्या सांध्याच्या पक्कडी जोर लावला की मधेच घसरत आणि बोटं चिमटत. खाचेत जीभ अडकल्यामुळे ते थांबलं.

ही पक्कड वापरताना दोन गोष्टी बघा. पहिली, खाच अशी निवडा की वस्तू धरल्यावर दोन्ही दांडे एका मुठीत आरामात मावतील. दांडे फार उघडे राहिले तर जोर लागत नाही, आणि एकमेकांना टेकले तर घसरल्यावर बोट मधे सापडतं. दुसरी, फिरवायची दिशा. जबडे एका अंगाला तिरपे असतात, त्यामुळे एका दिशेने फिरवताना पक्कड पाइपला आणखी घट्ट चावते आणि उलट दिशेने फिरवताना सैल पडते. हळू जोर देऊन बघा. सैल वाटली तर पक्कड पलटी करून धरा. बरोबर बाजू लागली की मुठीचा दाब फार द्यावाच लागत नाही. आणि क्रोमचा मुलामा दिलेल्या गोल भागावर दाते थेट लावू नका. मधे जाड कापड किंवा चामड्याचा तुकडा घाला. त्याहून बरं म्हणजे बिनदात्यांच्या, समांतर सरकणाऱ्या जबड्याची पक्कड मिळते. तिला प्लायर रेंच म्हणतात. ती नटावर पान्यासारखी सपाट बसते आणि मुलाम्यावर ओरखडा पडत नाही. तुमच्यासारख्या नळाच्या कामासाठी मी साध्या वॉटर पंप प्लायरआधी हीच सुचवेन. एकाच हत्याराने बऱ्याच मापांचे नट फिरतात.

जो नट आता गोल झालाच आहे, त्याचं काय? इथे लॉकिंग प्लायर लागते, जिला बरेच जण व्हाइस ग्रिप म्हणतात. हे मुळात एका ब्रँडचं नाव. अमेरिकेत नेब्रास्कामधल्या डे विट या छोट्या गावात विल्यम पीटरसन नावाचा, डेन्मार्कहून आलेला लोहार होता. लोखंड धरून ठेवायला एक हात कायम अडकतो, तो मोकळा करावा म्हणून त्याने ही पक्कड घडवली. पहिलं पेटंट १९२१ चं, आणि जबडा जागेवर कुलूपबंद करणारी तरफ त्याने १९२४ मध्ये आणली. आत तीन-चार कड्यांची साखळी असते. दांडा मिटताना मधली कडी सरळ रेषेच्या जराशी पलीकडे जाते आणि मग उलटा दाब कितीही आला तरी ती परत येत नाही. किती घट्ट चावायचं ते दांड्याच्या मागच्या स्क्रूने ठरतं. योग्य माप म्हणजे दांडा मिटवताना शेवटी थोडा जोर लागून तो टक्कन बसतो. दोन्ही हात लावूनही मिटत नसेल तर स्क्रू अर्धा फेरा उलटा फिरवा.

गोल झालेला नट, डोकं तुटलेला स्क्रू, वेल्डिंगच्या वेळी दोन पत्रे एकत्र धरणं, ही तिची कामं. ती वस्तू धरते, पण वस्तूवर दया करत नाही. तांब्याच्या किंवा पितळी नळीवर लावलीत तर नळी चेपते. म्हणून माझ्या लेखी ही शेवटच्या उपायाची पक्कड: जे बदलून टाकायचं आहे त्यावर बिनधास्त लावा, जे टिकवायचं आहे त्यावर लावू नका. सोडताना दुसरा हात दांड्यावर ठेवा, कारण सुटका देणारी कळ दाबली की दांडा झटक्याने उघडतो. तुमच्या त्या नटाला आधी गंज सोडवणारं तेल देऊन तासभर थांबा, मागचा पाइप दुसऱ्या पक्कडीने धरून ठेवा म्हणजे पाइपला पीळ बसणार नाही, आणि मग लॉकिंग प्लायरने सोडवा. नट मात्र नवा बसवा.

तुम्ही घरातल्या वायरिंगचंही थोडं काम करता असं लिहिलं आहे, म्हणून पुढचा भाग लक्ष देऊन वाचा.

दांड्यावर लाल किंवा पिवळं रबरी आवरण आहे म्हणजे ती पक्कड विजेपासून वाचवते, हा समज धोकादायक आहे. द्रवात बुडवून चढवलेलं पातळ आवरण फक्त हाताला पकड मिळावी म्हणून असतं. विजेसाठी तपासलेल्या हत्याराचं आंतरराष्ट्रीय मानक आयईसी ६०९०० हे आहे. अशा पक्कडीच्या दांड्यावर दोन त्रिकोणांची खूण आणि १००० व्होल्ट हा आकडा छापलेला असतो. याचा अर्थ १००० व्होल्ट एसी किंवा १५०० व्होल्ट डीसीपर्यंत वापरायला ती बनवली आहे. तपासताना तिच्यावर १०,००० व्होल्ट दिलेले असतात. काही उत्पादक आवरणाचे दोन थर दोन रंगांत देतात. वरचा थर झिजून आतला रंग दिसू लागला की ती पक्कड विजेच्या कामातून काढायची. घेताना बोट जबड्याकडे घसरू नये म्हणून दांड्याच्या पुढे उंचवटा आहे ना, तेही बघा. आणि अशी पक्कड हातात असली तरी मेन स्विच बंद करा, टेस्टरने किंवा मीटरने खात्री करा, मगच वायरला हात लावा. आवरण हे चूक झाल्यावर वाचवणारं दुसरं कवच आहे, चालू लाइनवर काम करण्याची परवानगी नव्हे.

वायर सोलायला साइड कटर वापरू नका. बरेच जण वापरतात, जुने हातही वापरतात, पण धार आत किती रुतली ते दिसत नाही. एकसंध तांब्याच्या तारेला बारीकशी चीर पडली की दोन वेळा वाकवल्यावर ती तिथेच तुटते. बारीक तारांच्या वायरमध्ये तर गुपचूप नुकसान होतं: दीड चौरस मिमीच्या वायरमध्ये ०.२५ मिमीच्या ३० तारा असतील आणि सोलताना त्यातल्या ६ कापल्या गेल्या, तर त्या जागी वायर एक पंचमांशाने बारीक झाली. भार आल्यावर तीच जागा सगळ्यांत आधी तापते. मापाच्या खाचा असलेला स्ट्रिपर घ्या. हे स्वतंत्र हत्यार आहे आणि वायरिंगसाठी तो नोज प्लायरपेक्षा आधी घ्यावा असं माझं मत आहे.

थिंबल म्हणजे लग चेपण्याचंही तसंच. कॉम्बिनेशन पक्कडीने लग चपटा करून दाबला की वरून घट्ट वाटतो, पण आत तारांच्या मधे पोकळी राहते. मी शिकत असताना एका मोटरच्या टर्मिनलवर असंच केलं होतं. काही आठवड्यांनी जळका वास आला. उघडून पाहिलं तर लगजवळचं आवरण तपकिरी होऊन कडक झालं होतं आणि वायर हाताने ओढल्यावर निघून आली. क्रिम्पिंग पक्कडीच्या साच्यात लगच्या मापाची खाच असते, आणि रॅचेटची असेल तर पुरेसा दाब बसेपर्यंत ती उघडतच नाही, त्यामुळे अर्धवट चेपणं होत नाही. प्लॅस्टिकचं आवरण असलेल्या लगचे रंगही मापाचे असतात: लाल ०.५ ते १.५ चौरस मिमीसाठी, निळा १.५ ते २.५, पिवळा ४ ते ६. साच्यावरही तेच रंग असतात. चेपल्यावर प्रत्येक लग हाताने जोरात ओढून बघा.

सर्क्लिपबद्दल, म्हणजे भाग जागेवर अडकवून ठेवणाऱ्या स्प्रिंगसारख्या रिंगबद्दल, तुम्ही विचारलेलं नाही, पण पंप किंवा मिक्सरसारखं काही उघडलंत की ती भेटेल, म्हणून दोन शब्द. शाफ्टवरच्या खाचेत बसणारी रिंग बाहेरची, आणि भोकाच्या आतल्या खाचेत बसणारी आतली. बाहेरची काढायला पक्कड दाबल्यावर टोकं उघडली पाहिजेत, आतलीला मिटली पाहिजेत. म्हणजे या दोन वेगळ्या पक्कडी झाल्या. टोकाची जाडी शाफ्टच्या मापानुसार बदलते: ३ ते १० मिमी शाफ्टला ०.९ मिमीची टोकं, १० ते २५ ला १.३, १९ ते ६० ला १.८. नोज प्लायरने प्रयत्न केला की रिंग सटकून उडते, चेहऱ्याकडेही, आणि मग सापडत नाही. काढताना वर एक फडकं धरा.

खिळे उपटायला सुताराची गोल जबड्याची पक्कड असते. तिचा गोलवा लाकडावर टेकवून डोलवत खिळा ओढायचा, खाली पातळ पट्टी ठेवायची म्हणजे लाकडावर वळ उठत नाही. तिच्यासारखीच दिसणारी, लांब दांड्याची, सळया बांधायच्या तारेला पीळ देऊन तिथेच कापणारी पक्कड बांधकामावर वापरतात. दोन्ही सारख्या दिसल्या तरी सुताराची धार पोलादी तारेसाठी नसते.

निवडताना हातात घेऊन काय बघायचं ते आता सांगतो. जबडे मिटवून उजेडासमोर धरा. साइड कटर असेल तर दोन धारांमधून उजेड कुठेही आरपार दिसता कामा नये. पातळ कागद टोकाशी धरून कापा. फाटला तर धार जुळलेली नाही. दांडे उघडझाप करताना खिळीला डुगडुग असता कामा नये, आणि इतकं घट्टही नको की दोन्ही हात लागावेत. सांध्याचे दोन प्रकार दिसतील: एक पातं दुसऱ्यावर नुसतं ठेवलेलं, किंवा एक पातं दुसऱ्याच्या पोटातून आरपार गेलेलं. दुसऱ्या प्रकारात आडवी डुगडुग कमी होते, म्हणून बारीक कामाच्या नोज प्लायरमध्ये मी तोच बघतो. मग मूठ. अमेरिकेतल्या नायॉश या कामगारांच्या सुरक्षेवर संशोधन करणाऱ्या सरकारी संस्थेने हातहत्यारांवर २००४ मध्ये जी मार्गदर्शिका काढली, तिच्यात जोराच्या कामासाठी दोन दांड्यांतलं अंतर मिटलेलं असताना सुमारे ५० मिमीहून कमी नसावं आणि उघडल्यावर सुमारे ९० मिमीहून जास्त नसावं असं दिलं आहे. माझा अनुभवही तोच आहे. त्याहून रुंद मुठीत बोटांची शेवटची पेरंच काम करतात आणि तासाभरात हात दुखतो. दांड्याचं टोक तळहाताच्या मधोमध रुतत असेल तर ती पक्कड तुमच्या हाताला लहान आहे. दिवसभर वारंवार कापायचं काम असेल तर स्प्रिंगने आपोआप उघडणारी घ्या.

माझ्या मते तुमचा क्रम असा असावा. कॉम्बिनेशन पक्कड आहेच, ती धरण्या-पिळण्याला आणि मध्यम तारेला ठेवा. सगळ्यात आधी २५० मिमीची प्लायर रेंच किंवा वॉटर पंप प्लायर, आणि सोबत पान्यांचा एक संच, म्हणजे नटांची नासधूस थांबेल. मग स्ट्रिपर. मग १६० मिमीचा, आयईसीची खूण असलेला साइड कटर. नोज प्लायर नवा घ्यायचाच आहे, तोही याच खुणेचा घ्या. लॉकिंग प्लायर तुम्हाला त्या गोल नटासाठी लागणारच आहे, ती २५० मिमीची, वक्र जबड्याची घ्या, कारण तीच लोखंडी पाइपलाही चालते. रॅचेट क्रिम्पर लग लावायची वेळ येईल तेव्हा. सर्क्लिपची जोडी मात्र पहिली सर्क्लिप समोर आल्यावर, तिचं माप बघून घ्या; आधीच घेतलेला संच नेमका चुकीच्या मापाचा निघतो.

निगा फार नाही. सांध्यात महिन्यातून एकदा तेलाचा एक थेंब, ओलाव्यात काम झालं असेल तर पुसून ठेवणं. पक्कडीने तापलेली वस्तू ज्योतीत धरून ठेवू नका. धारेला दिलेलं पाणी, म्हणजे तापवून आणि थंड करून आणलेला कठीणपणा, उष्णतेने उतरतं आणि मग ती तांब्यावरही बोथट होते. हातोडी म्हणूनही वापरू नका, सांधा हलतो.

तुमचा खाच पडलेला कटर टाकू नका. धारेचा जो भाग शाबूत आहे त्यावर मऊ तार अजून कापली जाईल, आणि खाचेची जागा तुम्हाला माहीत आहेच. दांड्यावर लाल रंगाची पट्टी ओढा, म्हणजे विजेच्या कामाच्या वेळी चुकून हातात येणार नाही. तुटलेल्या नोज प्लायरचं दुसरं टोकही तेवढंच घासून आखूड करा, दोन्ही नीट जुळवा. घासताना पाण्यात बुडवत राहा, म्हणजे पोलाद तापून नरम पडणार नाही. आखूड झाल्याने तो आता आधीपेक्षा जास्त जोर सोसेल. माझ्या पेटीत असा एक आहे, पत्र्याच्या कडा वाकवायला मी तोच उचलतो.